पाण्यात काय उरते : जलीय द्रावणांतील अभिक्रियांच्या अभ्यासाची प्रस्तावना

शालेय आणि कनिष्ठ महाविद्यालयीन पातळीवर रसायनशास्त्राच्या ज्या अभिक्रिया विद्यार्थ्याला प्रत्यक्ष करून दाखवल्या जातात, त्यांतील बहुतेक पाण्यात घडतात, आणि तरीही त्या शिकवताना पाण्याचा उल्लेख समीकरणाच्या कोपऱ्यातील एखाद्या खुणेपुरताच होतो. मिठाचे द्रावण आणि सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण एकत्र केले की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा अवक्षेप, म्हणजे द्रावणातून वेगळा होऊन बाहेर पडणारा घनपदार्थ, तत्काळ दिसू लागतो, एवढे विद्यार्थी पाठ करतो. पण अभिक्रियेसाठी हे पदार्थ आधी विरघळवून का घ्यावे लागले, आणि अवक्षेप गाळून घेतल्यावर उरलेल्या नितळ पाण्यात काय शिल्लक राहिले, हे दोन प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. प्रस्तुत विषयाचा गाभा या दोन प्रश्नांत आहे, आणि त्यांतला दुसरा पहिल्यापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे.

दहावीच्या पाठ्यपुस्तकात अभिक्रियांचे संयोग, अपघटन, विस्थापन आणि दुहेरी विस्थापन असे जे प्रकार येतात, ते समीकरणाच्या मांडणीवरून पाडलेले आहेत. प्रारंभासाठी ते उपयोगी आहेत, परंतु पाण्यात प्रत्यक्ष काय घडते याविषयी ते फारसे काही सांगत नाहीत, कारण 'दुहेरी विस्थापन' या एकाच मथळ्याखाली अवक्षेप पडणे, आम्लाचे उदासिनीकरण होणे आणि वायूचे बुडबुडे निघणे या तीन अगदी वेगळ्या घटना येऊन बसतात. द्रावणातील आयन म्हणजे विद्युत्प्रभारित कण. ते एकमेकांजवळून जातात एवढ्याने अभिक्रिया होत नाही. एखादी जोडी घनरूपात बाहेर पडली, वायू होऊन निघून गेली, पाण्याच्या रेणूत किंवा दुसऱ्या एखाद्या स्थिर रेणूत बांधली गेली, किंवा एका कणाकडून दुसऱ्याकडे इलेक्ट्रॉन गेले, तरच काही घडले असे म्हणता येते. बाकीचे सर्व मिश्रण होय.

हा विषय समजून घेण्यासाठी येथे नागपूर जिल्ह्यातील बुटीबोरीचा आधार घेतला आहे. नागपूरच्या दक्षिणेला, हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे तीस किलोमीटरवर असलेले हे गाव महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या विस्तीर्ण वसाहतीमुळे ओळखले जाते. पॉलिएस्टर आणि कापडापासून विजेच्या वाहिन्यांचे पोलादी मनोरे बनवण्यापर्यंत नाना तऱ्हेचे उद्योग येथे एकमेकांच्या शेजारी आहेत, आणि वसाहतीत सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, ज्याला सर्व जण सीईटीपी एवढेच म्हणतात. कारखान्याने स्वतःच्या आवारातील सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेत, म्हणजे ईटीपीत, प्राथमिक प्रक्रिया करायची आणि पुढचे पाणी सामायिक केंद्राकडे द्यायचे, अशी ही व्यवस्था असते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर अशा केंद्राच्या टाक्यांत प्रास्ताविक पाठ्यपुस्तकातले जवळजवळ प्रत्येक प्रकरण दिवसरात्र चालू असते. फरक एवढाच की परीक्षानळी धुऊन टाकता येते, येथे मात्र नळी धुतलेले पाणीही मोजावे लागते.

पाण्याचा रेणू ध्रुवीय असतो, म्हणजे त्यातील ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन प्रभार असतो, आणि हे रेणू स्फटिकातील आयनांभोवती योग्य बाजूने गोळा होऊन त्यांना एकमेकांपासून सोडवतात. शिवाय पाण्यात विरुद्ध प्रभारांमधील आकर्षण निर्वातातील आकर्षणाच्या सुमारे ऐंशीव्या हिश्श्यावर येते, त्यामुळे सुटलेले आयन सुटेच राहू शकतात. द्रावणात असे स्वतंत्र आयन असतात, बाहेरून वीजप्रवाह सोडण्याआधीपासूनच असतात, हा विचार स्वांटे आऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या १८८४ मधील प्रबंधापासून वाढत गेला. परीक्षकांना तो प्रबंध फारसा पटला नव्हता आणि पुढे १९०३ मध्ये त्याच कार्यासाठी आऱ्हेनियस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. साखर विरघळते तेव्हा तिचे रेणू अखंड राहतात व द्रावण वीज वाहून नेत नाही. मीठ विरघळते तेव्हा त्याचे पूर्ण विचरण होते, म्हणजे ते सोडियम आणि क्लोराइड आयनांत विभागले जाते. ॲसेटिक आम्लाचे विचरण अंशतःच होते. हा भेद केवळ वर्गातला नाही. प्रक्रिया केंद्रात आलेल्या पाण्यात वाहकतामापक बुडवून काही क्षणांत जो आकडा मिळतो, त्यावरून त्या पाण्यात एकूण किती क्षार विरघळले असावेत याचा अंदाज बांधला जातो, आणि साखर कितीही असली तरी या मापकाला ती दिसत नाही. ती शोधायला ऑक्सिजनची मागणी मोजणाऱ्या वेगळ्या चाचण्या लागतात.

आयन स्वतंत्र असतात हे एकदा मान्य केले की समीकरण लिहिण्याची पद्धतही बदलते. मीठ आणि सिल्व्हर नायट्रेट यांच्या उदाहरणात सोडियम आणि नायट्रेट हे आयन अभिक्रियेआधी जसे होते तसेच नंतरही राहतात, म्हणून त्यांना प्रेक्षक आयन म्हणतात आणि दोन्ही बाजूंनी खोडून टाकतात. उरते ते निव्वळ आयनिक समीकरण, ज्यात चांदीचा एक आयन आणि क्लोराइडचा एक आयन मिळून सिल्व्हर क्लोराइड होते एवढेच विधान असते. ही रीत उत्तम आहे, कारण ती घडलेले आणि न घडलेले वेगळे करते. तिचा एक दुष्परिणाम मात्र कोणी सांगत नाही : विद्यार्थ्याला हळूहळू वाटू लागते की जे खोडले ते संपले. वहीत खोडलेला सोडियम टाकीत तसाच असतो, टाकीतून नाल्यात जातो, आणि बुटीबोरीचा परिसर वेणा नदीच्या खोऱ्यात येत असल्याने तो त्या खोऱ्यातून हिंगणघाटकडे, पुढे वर्धा नदीत आणि शेवटी गोदावरीच्या पाण्यात जाऊ शकतो. जलीय अभिक्रियांचा अभ्यास प्रेक्षक आयनांचा हिशेब ठेवून केला पाहिजे, ही या विवेचनामागील भूमिका आहे.

हा हिशेब एका उदाहरणावर पाहणे इष्ट ठरेल. एखाद्या कारखान्याच्या टाकीत ९८ किलोग्रॅम सल्फ्युरिक आम्ल असलेले सांडपाणी आहे असे धरू. ९८ ही संख्या घेण्याचे कारण असे की या आम्लाच्या एका मोलचे वस्तुमान ९८ ग्रॅम असते, म्हणून पुढची आकडेमोड सोपी होते. हे आम्ल कॉस्टिकने, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडने मारायचे तर ८० किलोग्रॅम कॉस्टिक लागेल आणि १४२ किलोग्रॅम सोडियम सल्फेट तयार होईल. भिजवलेल्या चुन्याने, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडने मारायचे तर ७४ किलोग्रॅम शुद्ध चुना लागेल आणि १७२ किलोग्रॅम जिप्सम तयार होईल. दोन्ही ठिकाणी निव्वळ आयनिक अभिक्रिया मुख्यतः एकच आहे, हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन मिळून पाणी होणे, आणि तिच्यातून दर मोलमागे सुमारे ५७ किलोज्यूल उष्णता निघते म्हणून टाकी कोमट होते. वहीत दोन्ही उत्तरे सारखीच दिसतील. टाकीत मात्र कॉस्टिक वापरले तर पाणी नितळ राहते आणि सर्व सोडियम सल्फेट त्यात विरघळलेले असते. चुना वापरला तर पाणी गढूळ होते, गाळ पडतो, तो फिल्टर प्रेसमधून दाबून वडी करून बाहेर काढावा लागतो आणि त्याची विल्हेवाट लावण्याचा खर्च येतो. कॉस्टिकच्या नळ्या तुंबत नाहीत, चुन्याच्या तुंबतात. म्हणून टाकी सांभाळणाऱ्याला कॉस्टिक सोयीचे वाटते आणि नदीच्या बाजूने विचार करणाऱ्याला चुना बरा वाटतो.

पण हेही पूर्ण सत्य नाही. जिप्समची पाण्यातील द्राव्यता, म्हणजे ठरावीक तापमानाला ठरावीक पाण्यात विरघळू शकणारे त्याचे जास्तीत जास्त प्रमाण, लिटरला सुमारे अडीच ग्रॅम आहे. वरील आम्ल १० घनमीटर पाण्यात असेल तर चुना घातल्यावर लिटरमागे १७ ग्रॅमहून थोडे अधिक जिप्सम तयार होईल व त्यातला बहुतांश भाग खाली बसेल. तेच आम्ल १०० घनमीटर पाण्यात असेल तर लिटरमागे १.७ ग्रॅमच तयार होईल, आणि एकही कण खाली न बसता सर्व जिप्सम पाण्यातच राहील. पदार्थ तेच, समीकरण तेच, आणि एकदा अवक्षेप पडतो, एकदा पडत नाही. 'कॅल्शियम सल्फेट अल्पद्राव्य आहे' असे द्राव्यतेच्या नियमांत लिहिलेले असते, त्यातल्या 'अल्प' या शब्दाला आकडा जोडल्याशिवाय काहीच अर्थ नाही. बेरियम सल्फेटची द्राव्यता लिटरला दोन-अडीच मिलिग्रॅम म्हणजे जिप्समच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास आहे, म्हणूनच सल्फेट ओळखण्याच्या परीक्षेत बेरियम क्लोराइड वापरतात आणि कॅल्शियम क्लोराइड वापरत नाहीत. द्राव्यतेचे नियम पाठ असणे चांगले, पण सोबत पाच-सहा आकडे लक्षात असणे अधिक चांगले.

सामूविषयीही असेच म्हणता येईल. पाण्यातील हायड्रोजन आयनांच्या संहतीचे, म्हणजे लिटरमागील मोलसंख्येचे, मोजमाप सोप्या अंकांत मांडण्यासाठी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये जी श्रेणी सुचवली, तीच मराठीत सामू या नावाने रूढ झाली. सामू ७ असलेले पाणी उदासीन, त्याखाली आम्लधर्मी आणि वर आम्लारिधर्मी, इतके सर्वांना ठाऊक असते. ही श्रेणी लॉगॅरिदमची आहे, दर एका अंकाला संहती दहापट बदलते, हेही ठाऊक असते. पण त्याचा परिणाम हातात रसायनाचे पिंप आल्याशिवाय उमगत नाही. तीव्र आम्लाचे सामू २ असलेले पाणी सामू ३ वर आणायला जेवढा अल्कली लागतो, त्याच्या दहाव्या हिश्श्यात ते ३ वरून ४ वर येते आणि त्याच्याही दहाव्या हिश्श्यात ४ वरून ५ वर. याचा अर्थ जवळजवळ सगळे रसायन सुरुवातीला खर्च होते आणि मापकाचा काटा हलताना दिसत नाही. मग ऐन उदासीन बिंदूजवळ दोन-चार थेंबांनी तो उडी मारून ९ किंवा १० वर जातो. विद्यार्थ्याच्या अनुमापनात, म्हणजे ब्युरेटमधून मोजून द्रावण सोडण्याच्या प्रयोगात, फिनॉल्फ्थॅलीन एका थेंबाने गुलाबी होते ते याच कारणाने. सामायिक केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सामू ६ ते ९ यांच्या दरम्यान असावा लागतो, आणि ही मर्यादा वाटते तेवढी ऐसपैस नाही. नैसर्गिक पाण्यात बायकार्बोनेट आयन असतात व ते ही उडी सौम्य करतात, यामुळे काम काहीसे सुकर होते.

धातूंच्या बाबतीत सामूचे महत्त्व सर्वाधिक दिसते. पोलादी मनोऱ्याचे भाग गॅल्व्हनाइझ करताना, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून त्यावर जस्ताचा थर चढवताना, आधी त्यांवरचा गंज आणि पापुद्रे हायड्रोक्लोरिक आम्लाच्या टाकीत काढले जातात. या क्रियेला कारखान्यात पिकलिंग म्हणतात. आम्ल गंजाशी अभिक्रिया करते तसे खालच्या लोखंडाशीही करते, हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, आणि काही दिवसांनी टाकीत आम्ल कमी व फेरस क्लोराइड जास्त अशी अवस्था येते. अशा वापरून झालेल्या द्रावात चुन्याचे पाणी सोडले की प्रथम काहीच दिसत नाही, कारण चुना उरलेले आम्ल मारण्यात खर्ची पडतो. नंतर फेरस हायड्रॉक्साइडचा मळकट हिरवा लगदा तयार होऊ लागतो. हा लगदा काचेच्या बशीत पसरून ठेवला तर वरच्या कडेपासून तो तपकिरी होत जातो, आणि हलवला तर सगळाच तांबूस दिसू लागतो, कारण हवेतील ऑक्सिजन पाण्यात विरघळून फेरस लोखंडाचे फेरिक लोखंडात ऑक्सिडीकरण करतो. एका बशीत अवक्षेपण आणि ऑक्सिडीकरण अशी दोन प्रकरणे एकापाठोपाठ पाहायला मिळतात, आणि त्यासाठी प्रयोगशाळेत हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, चुन्याची निवळी आणि थोडा वेळ यांहून अधिक काही लागत नाही. फेरिक हायड्रॉक्साइड फेरसपेक्षा कितीतरी कमी द्राव्य आहे व सामू ४ च्या आसपासच जवळजवळ पूर्ण बाहेर पडते, म्हणून प्रक्रियेच्या टाकीत मुद्दाम हवा सोडली जाते.

जस्ताचे वागणे वेगळे आहे. त्याचे हायड्रॉक्साइड सामू ९ ते १० च्या सुमारास सर्वांत कमी द्राव्य असते. त्याच्या खाली ते आम्लात विरघळते, आणि सामू ११ च्या वर गेला की जादा हायड्रॉक्साइड आयनांशी संयोग पावून झिंकेट आयनाच्या रूपात पुन्हा पाण्यात उतरते. असे दोन्हीकडून विरघळणारे पदार्थ उभयधर्मी म्हटले जातात, आणि ॲल्युमिनियम व क्रोमियम यांची हायड्रॉक्साइडेही त्यांतलीच. तांब्याला ८ ते ९, निकेलला १० च्या पुढे, क्रोमियमला ८ ते ९ असे ज्याचे त्याचे सोयीचे सामू असल्यामुळे सर्व धातूंचे पाणी एकाच टाकीत ओतून एकाच सामूवर सर्वांना खाली बसवता येत नाही. 'धातूचे पाणी आहे, चुना घाला' एवढ्यावर भागत नाही. त्यातही अमोनिया असेल तर आणखी अडचण, कारण अमोनियाचे रेणू तांबे, निकेल, जस्त यांच्या आयनांभोवती बसून संमिश्र आयन बनवतात व हायड्रॉक्साइडला धातू मिळू देत नाहीत. मोरचुदाच्या द्रावणात अमोनियाचे द्रावण थेंबाथेंबाने घातले की आधी फिकट निळा अवक्षेप येतो आणि आणखी घातले की तो नाहीसा होऊन गडद निळे द्रावण तयार होते. हा प्रयोग रंगासाठी म्हणून दाखवला जातो, पण त्यात सांडपाण्याच्या रसायनशास्त्रातील एक जुनी डोकेदुखी आहे. गॅल्व्हनाइझिंगच्या आधी लोखंडावर झिंक अमोनियम क्लोराइडचा थर देतात, त्यामुळे ही अडचण कल्पनेतली नव्हे. संमिश्र आयनांची अभिक्रिया प्रारंभिक पुस्तकांत बहुधा वगळलेली असते. ती वगळू नये.

ऑक्सिडीकरण-क्षपणाचे, म्हणजेच रेडॉक्सचे, सर्वांत बोधप्रद उदाहरण क्रोमियम देते. क्रोम मुलामा देण्याच्या उद्योगातून येणारे क्रोमियम षट्संयुजी असते, म्हणजे त्याची ऑक्सिडीकरण संख्या अधिक सहा असते. आम्लात ते नारिंगी डायक्रोमेट आणि अल्कलीत पिवळे क्रोमेट या रूपात राहते. हे दोन्ही ऋण आयन असल्यामुळे हायड्रॉक्साइड आयन त्यांच्याशी जोडलाच जात नाही आणि कितीही चुना घातला तरी नारिंगीचे पिवळे होण्यापलीकडे काही घडत नाही. षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि पर्यावरण संरक्षण नियमांनुसार नदीनाल्यांत सोडल्या जाणाऱ्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, तर एकूण क्रोमियमची २ मिलिग्रॅम. एकाच मूलद्रव्याच्या दोन अवस्थांत कायद्यानेही वीसपट फरक केला आहे. म्हणून आधी त्याचे क्षपण करावे लागते. सामू २ ते ३ पर्यंत खाली आणून सोडियम मेटाबायसल्फाइट घातले की पाण्यात त्याचे बायसल्फाइट होते, आणि एक डायक्रोमेट आयन तीन बायसल्फाइट आयनांकडून एकूण सहा इलेक्ट्रॉन घेऊन, पाच हायड्रोजन आयन खर्च करून, दोन त्रिसंयुजी क्रोमियम आयन, तीन सल्फेट आयन आणि पाण्याचे चार रेणू देतो. रंग नारिंगीवरून हिरव्यावर जातो. मगच चुना किंवा कॉस्टिक घालून सामू ८ ते ९ वर नेला की क्रोमियम हायड्रॉक्साइडचा करड्या हिरव्या रंगाचा गाळ पडतो. हात सैल सोडून सामू फार वर नेला तर तो परत विरघळू लागतो.

आम्ल घालून सामू खाली न्यायचा आणि मग अल्कली घालून वर आणायचा, हे नवशिक्याला उलटेसुलटे वाटते, पण हायड्रोजन आयन या अभिक्रियेत स्वतः भाग घेतात हे समीकरणात दिसत असल्याने आम्लाशिवाय ती रेंगाळते हे त्यातूनच समजते. मेटाबायसल्फाइटऐवजी हिराकस वापरता येतो. मात्र तेव्हा एका डायक्रोमेटमागे सहा फेरस आयन फेरिक होतात आणि पुढच्या टप्प्यात क्रोमियम हायड्रॉक्साइडच्या दोन रेणूंबरोबर फेरिक हायड्रॉक्साइडचे सहा रेणू खाली बसतात. एका मोल डायक्रोमेटमागे वस्तुमान पाहिले तर क्रोमियमचा गाळ २०६ ग्रॅम आणि त्यासोबत लोखंडाचा ६४१ ग्रॅम. समीकरणातील सहगुणक म्हणजे केवळ तोल साधण्याची कसरत नसून गाळाच्या गाडीचे वजन असते, हे या दोन आकड्यांवरून विद्यार्थ्याला पटावे. असा गाळ घातक कचऱ्यात मोडतो, आणि त्याच्या विल्हेवाटीसाठीचे सामायिक केंद्रही बुटीबोरीतच आहे.

वायुनिर्मितीच्या अभिक्रियांबद्दल पुस्तकात सांगितले जाते ते चुनखडीवर आम्ल टाकण्याचे उदाहरण, आणि ते निरुपद्रवी आहे. कार्बोनेटच्या जागी सल्फाइड असेल तर त्याच अभिक्रियेतून हायड्रोजन सल्फाइड निघतो, सायनाइड असेल तर हायड्रोजन सायनाइड, आणि दोन्ही जीवघेणे आहेत. म्हणून सायनाइड असलेले पाणी क्रोमियमच्या आम्लधर्मी पाण्यात कधीही मिसळू दिले जात नाही आणि त्याचे नळ व टाक्या प्रथमपासून वेगळ्या ठेवाव्या लागतात. मेटाबायसल्फाइटच्या टाकीवरही सल्फर डायऑक्साइडचा नाकात झोंबणारा वास असतोच. पुस्तकातील एका नियमाचा अर्थ पदार्थ बदलल्यावर किती बदलतो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण नाही.

पाण्याच्या पिण्यायोग्यतेचा प्रश्न या विषयाला लागूनच आहे आणि त्यातही नागपूरचा वाटा मोठा आहे. १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था म्हणून नागपुरात सुरू झालेली आणि १९७४ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी, या नावाने ओळखली जाणारी संस्था या क्षेत्रात काम करते. विदर्भात यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आढळते. ते काढण्यासाठी नीरीने १९७० च्या दशकात विकसित केलेली पद्धत नलगोंडा तंत्र म्हणून प्रसिद्ध आहे. पाण्यात चुना, तुरटी आणि निर्जंतुकीकरणासाठी ब्लीचिंग पावडर घालून ढवळायचे, तुरटीतील ॲल्युमिनियमचे हायड्रॉक्साइड कापसासारख्या पुंजक्यांत तयार होते, फ्लोराइड त्याला धरून खाली बसते, आणि वरचे पाणी गाळून घ्यायचे. कॅल्शियम फ्लोराइडचा सरळ अवक्षेप का पाडत नाहीत, असा प्रश्न येथे यायला हवा. त्याची द्राव्यता इतकी आहे की केवळ चुन्याने फ्लोराइड लिटरला आठ-दहा मिलिग्रॅमच्या खाली आणणे कठीण, आणि पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकारार्ह मर्यादा आहे १ मिलिग्रॅम. तुरटीने काम होते, परंतु तुरटीतील सल्फेट पाण्यातच राहते. प्रेक्षक येथेही हजर आहेत.

विदर्भातील विहिरींचे जड, म्हणजे दुष्फेन, पाणी हा असाच आणखी एक परिचित विषय. कॅल्शियमचे बायकार्बोनेट असलेले पाणी तापवले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो व भांड्याच्या तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर बसतो. बॉयलरच्या नळ्यांत हाच थर बसला की उष्णता पलीकडे जात नाही आणि इंधन वाया जाते. ॲबर्डीनच्या टॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत हे कॅल्शियम काढण्यासाठी पाण्यात आणखी चुना, म्हणजे आणखी कॅल्शियमच, मोजून घातले जाते, कारण चुन्यातील हायड्रॉक्साइड बायकार्बोनेटचे कार्बोनेट करते आणि मग आधीचे व नंतरचे असे दोन्ही कॅल्शियम एकदम बाहेर पडते. जलीय रसायनशास्त्रातील ही फार थोड्या अभिक्रियांपैकी एक आहे जिच्यात प्रेक्षक म्हणून काहीच मागे राहत नाही, आणि केवळ त्या कारणासाठी ती प्रत्येक पुस्तकात असायला हवी.

अभ्यासाच्या पद्धतीबाबत एक सूचना पुरेशी आहे. प्रक्रिया केंद्रात नवे सांडपाणी आले की त्यावर जार टेस्ट करतात : सारख्या आकाराच्या सहा चंचुपात्रांत तेच पाणी घेऊन प्रत्येकात वाढत्या प्रमाणात चुना किंवा तुरटी घालायची, यंत्राच्या पात्यांनी प्रथम जोरात व नंतर सावकाश ढवळायचे, थांबायचे, आणि कोणत्या पात्रातला गाळ लवकर बसला व वरचे पाणी किती नितळ राहिले ते पाहायचे. प्रयोगशाळेत हेच काचेच्या सळईने करता येते. त्यात विद्यार्थ्याने एका गोष्टीची भर घालावी, ती म्हणजे अवक्षेप गाळून घेतल्यावर वरच्या पाण्याचे मोजून शंभर मिलिलिटर बाष्पनपात्रात पूर्ण आटवावे आणि तळाशी उरलेल्या क्षाराचे वजन करावे. निव्वळ आयनिक समीकरणात न दिसलेले सर्व तेथे ग्रॅममध्ये दिसते.

सामायिक केंद्रांना याच क्षाराशी सर्वांत जास्त झगडावे लागते. आम्ल उदासीन होते, धातू गाळात जातात, सेंद्रिय पदार्थ जिवाणू खातात, पण सोडियम, क्लोराइड आणि सल्फेट यांना जिवाणू खात नाहीत आणि कोणताही स्वस्त अभिकर्मक त्यांना पूर्णपणे खाली बसवत नाही. २०१६ च्या केंद्रीय मानकांनुसार नदीत सोडायच्या पाण्यात स्थिर विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला २१०० मिलिग्रॅम आहे; वरील उदाहरणातले १० घनमीटर पाणी कॉस्टिकने उदासीन केले तर एकट्या सोडियम सल्फेटचे प्रमाण १४,२०० मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ सातपट होते. इतर पाणी मिसळून ते कमी दिसेल, कमी होणार नाही. म्हणून जेथे पाणी बाहेर सोडायचेच नसते तेथे ते रिव्हर्स ऑस्मॉसिसच्या पडद्यातून दाबाने पार करतात, मागे राहिलेले खारट पाणी बाष्पीभवन यंत्रात आटवतात, आणि शेवटी मिश्र क्षार हाती येतो. हा क्षार पावसात लगेच विरघळतो, त्यामुळे तो उघड्यावर टाकता येत नाही आणि छताखाली साठवण्याचा खर्च वाढत जातो. त्यातून वाट काढण्यासाठी पुन्हा द्राव्यतेकडेच वळावे लागते. मिठाची द्राव्यता तापमानाने फारशी बदलत नाही, पण सोडियम सल्फेटची ३२ अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ५० ग्रॅम असलेली द्राव्यता शून्य अंशाजवळ ५ ग्रॅमच्या आसपास उतरते, म्हणून संहत द्रावण थंड केले की ग्लाउबर सॉल्टचे स्फटिक, म्हणजे पाण्याचे दहा रेणू धरून ठेवणारे सोडियम सल्फेट, वेगळे होतात आणि मीठ द्रावणातच राहते. रिॲक्टिव्ह रंगांनी सुती कापड रंगवताना हेच ग्लाउबर सॉल्ट मोठ्या प्रमाणात लागते, त्यामुळे स्फटिक पुरेसे शुद्ध निघाले तर ते रंगाईच्या कामात परत वापरता येतात. सेंद्रिय रंगाचा अंश त्यांत उरला असेल तर मात्र ते पुन्हा विरघळवून, पुन्हा थंड करून घ्यावे लागतात.